पहाऱ्यावरचा माणूस

नवी दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकापासून इंडिया गेटच्या दिशेने एक रुंद, झाडांच्या सावलीचा रस्ता जातो. कोपर्निकस मार्ग हे त्याचे नाव. दूरदर्शनचे मुख्यालय या रस्त्यावर आहे, कमानी प्रेक्षागृह आहे आणि जुने महाराष्ट्र सदनही येथेच आहे. कामानिमित्त दिल्लीस आलेल्या कित्येक मराठी माणसांच्या ओठी या रस्त्याचे नाव त्यामुळेच बसले. याच रस्त्यावर फरीदकोट हाऊस नावाची एक जुनी संस्थानी वास्तू आहे. आज तेथे राष्ट्रीय हरित अधिकरणाचे कामकाज चालते. परंतु त्यापूर्वी काही वर्षे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे कार्यालय या वास्तूत होते. पुढे आयोग आय. एन. ए. भागातील मानव अधिकार भवनात गेला.

हा आयोग १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमान्वये स्थापन झाला. कोठडीत किंवा कारागृहात कोणाचा मृत्यू झाला, तर त्याची खबर चोवीस तासांच्या आत आयोगाला कळवावी, असा दंडक आयोगाने आरंभीच घालून दिला. तक्रार करण्यास शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. त्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतील तुरुंगांतून निघालेली पत्रे ‘फरीदकोट हाऊस, कोपर्निकस मार्ग’ या पत्त्यावर येऊन पोचत. ज्याचे ऐकणारे कोणी नाही, त्याचे ऐकणारा एक दरवाजा या रस्त्यावर होता.

ज्या कोपर्निकसचे नाव या रस्त्याला दिले आहे, तो पोलंडमधील खगोलशास्त्रज्ञ. पृथ्वी स्थिर असून सूर्य तिच्याभोवती फिरतो, असे जग मानत असताना १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने उलट सांगितले. आकाशातला एकही तारा त्याने हलवला नाही; त्याने फक्त पाहणाऱ्याची जागा बदलली. जागा बदलताच जुनेच आकाश नव्याने दिसू लागले. कारागृहाकडे पाहतानाही अशीच जागा बदलून पाहण्याची वेळ आली आहे. गजांच्या आतील माणसाचे दुःख समाजाला आता थोडेफार दिसू लागले आहे. पण त्याच गजांच्या पलीकडे, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन जो माणूस उभा असतो, त्याच्या बाजूने कारागृह कसे दिसते, याचा विचार क्वचितच कोणी करतो.

कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत तुरुंगाचा पहारेकरी बहुधा खलपुरुष म्हणून येतो. त्याच्या मिशा दाट असतात, हातात दंडुका असतो आणि तोंडी शिव्या असतात. हे चित्र अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. तिहार कारागृहातील एका हेड वॉर्डरने पैशांसाठी एका बंद्याचा अमानुष छळ केला, तेव्हा सुनील बत्रा या दुसऱ्या बंद्याने थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानले आणि १९७९ साली निकाल देऊन, तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, हे स्पष्ट केले. भारतातील बंद्यांच्या हक्कांचा इतिहास या निकालावाचून लिहिता येणार नाही. आणि त्या इतिहासाच्या मुळाशी एका पहारेकऱ्याचे क्रौर्य आहे, हेही लपवता येणार नाही.

परंतु एका पहारेकऱ्याच्या अपराधावरून सर्व पहारेकऱ्यांची परीक्षा करणे हा न्याय नव्हे. सुक्याबरोबर ओलेही जळते, तसे येथे होते. त्या दंडुक्यामागे किती तासांची जाग आहे, किती भीती आहे आणि किती एकटेपणा आहे, हे पाहिल्याखेरीज क्रौर्याचे मूळही हाती लागत नाही.

महाराष्ट्रातील एखाद्या मध्यवर्ती कारागृहातील शिपायाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. पहाटे, अजून उजाडलेले नसताना, तो लालगेटमधून आत येतो. आत येताना त्याची झडती होते, कारण आत जाणाऱ्या प्रत्येकाची झडती होते. मग बॅरकी उघडतात आणि बंद्यांची गिणती होते. कागदावरचा आकडा आणि समोर बसलेल्या माणसांचा आकडा जुळला, तरच दिवस पुढे सरकतो. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. त्यानंतर चहा-नाश्त्याच्या रांगा, आजाऱ्यांना दवाखान्यात नेणे, न्यायालयात जाणाऱ्यांना दरवाजापर्यंत पोचवणे, मुलाखतीसाठी आलेल्या नातेवाइकांची गर्दी सांभाळणे, कारखान्यातील हत्यारे मोजून देणे आणि मोजून परत घेणे. संध्याकाळी पुन्हा गिणती, पुन्हा टाळे. रात्रपाळी असेल तर बॅरकीभोवती फेऱ्या. कोणी गळफास तर लावून घेत नाही ना, कोणाच्या छातीत दुखत तर नाही ना, कोपऱ्यात कुजबूज कसली चालली आहे, हे सारे त्याने दोन डोळ्यांनी पाहायचे.

बॅरकीच्या आत फिरणाऱ्या या शिपायाजवळ बंदूक नसते. ती बंद्यांच्या हाती पडण्याचा धोका असतो म्हणून ती बाहेरच ठेवली जाते. त्याच्यापाशी असते ती काठी, शिटी आणि शब्द. शेकडो माणसांच्या मध्ये तो उभा राहतो तो केवळ त्याच्या अंगावरील गणवेशाच्या आणि त्याच्या बोलण्याच्या जोरावर. आपल्या शब्दाचे वजन राहिले नाही तर आपले काय होईल, हा विचार त्याच्या मनात येत नसेल असे कोणी समजू नये.

महिला विभागातील शिपाई स्त्रीची स्थिती आणखी वेगळी. महिला बंद्यांवर महिला कर्मचाऱ्यांनीच देखरेख ठेवावी, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण महिला कर्मचाऱ्यांची संख्या थोडी असल्याने पाळ्यांचा भार त्यांच्यावर अधिक पडतो. बंदी मातेबरोबर तिचे सहा वर्षांपर्यंतचे मूल कारागृहात राहू शकते. स्वतःचे तान्हे मूल सासूच्या किंवा शेजारणीच्या हाती सोपवून आलेली शिपाईबाई दिवसभर दुसऱ्या एका आईच्या मुलाला अंगणात खेळताना पाहते. त्या क्षणी तिच्या मनात काय येत असेल, हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते.

कायद्याने तरी या माणसाकडे कसे पाहिले? भारतातील कारागृहांचा मूळ कायदा १८९४ सालचा. इंग्रजी राजवटीत झालेला हा कायदा अनेक राज्यांत शतकाहून अधिक काळ लागू राहिला. तुरुंगाधिकाऱ्याने कारागृहातच राहिले पाहिजे, लेखी परवानगीवाचून एक रात्रही बाहेर काढता कामा नये, अशी तरतूद त्यात आहे. कनिष्ठ कर्मचाऱ्याने परवानगी न घेता, किंवा दोन महिने आधी लेखी सूचना न देता काम सोडले, तर त्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, असेही त्यात म्हटले आहे. नोकरी सोडली म्हणून कैद! कैद्यांवर नजर ठेवणाऱ्यालाही अर्धा कैदी मानणारा हा विचार होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. भोंगा वाजला की गिरणीतील कामगार घरी जाऊ शकत होता. कारागृहाच्या पहारेकऱ्यासाठी मात्र तसा भोंगा कोणी वाजवला नाही. बदलीचा शिपाई आला नाही, तर पहिल्याने जागा सोडायची नाही, हाच शिरस्ता राहिला.

आता थोडे आकड्यांकडे वळावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील १,३३० कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. या कारागृहांची एकूण क्षमता मात्र ४,३६,२६६ एवढीच होती. म्हणजे जेथे शंभर माणसांची सोय, तेथे एकशे एकतीस माणसे राहत होती. त्यांतील चारांपैकी तिघे न्यायाधीन बंदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत नेमके उलट चित्र होते. मंजूर पदे ९१,१८१ होती आणि प्रत्यक्षात कामावर ६३,५७८ माणसे होती. दर दहा पदांपैकी तीन पदे रिकामी.

सहा बंद्यांमागे एक रक्षक असावा, असे केंद्र शासनाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेने सुचवले आहे. वरील आकड्यांचा साधा भागाकार केला, तर एका कर्मचाऱ्यामागे नऊ बंदी येतात. पण या कर्मचाऱ्यांत अधिकारी आले, लिपिक आले, डॉक्टर आणि परिचारिकाही आल्या. शिवाय कोणताही माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही. तीन पाळ्यांत वाटणी केली, आजारपण आणि रजा वजा केल्या, की प्रत्यक्ष एका वेळी एका माणसाच्या वाट्याला पंचवीस-तीस बंदी येतात. आणि जेथे गर्दी अधिक, तेथे त्याहूनही कितीतरी जास्त.

सहा आणि एक या प्रमाणावरून मराठी माणसाला एका चित्रपटाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली पडद्यावर आला. त्याची कथा ग. दि. माडगूळकर यांची. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या सहा बंद्यांना एक तुरुंगाधिकारी आपल्या जबाबदारीवर उजाड माळरानावर घेऊन जातो आणि त्यांच्याकडून ती जमीन पिकवून घेतो. सहा जणांचे बारा हात आणि त्यांच्यावर विश्वासाने रोखलेले एका माणसाचे दोन डोळे. १९५८ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. भारतीय पडद्यावर तुरुंगाचा अधिकारी नायक म्हणून उभा राहिल्याचे हे विरळ उदाहरण आहे. हा नायक शेवटी आपल्या बंद्यांच्या कष्टांचे रक्षण करता करता प्राण गमावतो, हेही विसरता येत नाही.

या कथेला खरा आधार होता. आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने १९३९ च्या सुमारास तेथे भिंती नसलेल्या तुरुंगाचा प्रयोग सुरू झाला. या प्रयोगामागची प्रेरणा होती मॉरिस फ्रीडमन या अभियंत्याची. तो गांधीजींच्या सहवासात रमलेला होता आणि त्याचा जन्म पोलंडचा, म्हणजे कोपर्निकसच्याच देशातला! एका पोलिश माणसाने आकाशाकडे पाहण्याची जागा बदलली. दुसऱ्याने माणदेशाच्या माळावर तुरुंगाकडे पाहण्याची जागा बदलून दाखवली.

स्वतंत्रपूरचा प्रयोग नेहमी बंद्यांवरील विश्वासाचा प्रयोग म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण त्यात दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. विश्वास ठेवण्यासाठी माणसाला माणूस ओळखावा लागतो. सहा जणांना ओळखता येते. कोणाची आई आजारी आहे, कोणाचा राग लवकर चढतो, कोणाला शेतीची आवड आहे, हे कळते. ज्याच्यापुढे शंभर माणसे एकदम उभी आहेत, त्याला चेहरे दिसत नाहीत, फक्त आकडा दिसतो. मग तो आकडाच सांभाळू लागतो. आणि आकडा सांभाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे धाक. कर्मचाऱ्यांच्या कमतरतेपोटीच काही बंद्यांना इतर बंद्यांवर मुकादम म्हणून नेमण्याची जुनी पद्धत टिकून राहिली आणि तिच्यातून नवे जुलूम जन्माला आले. दुबळ्या पहाऱ्याची किंमत बंदीच मोजतात, ती अशी.

पहारेकरी स्वतः जी किंमत मोजतो, तीही पाहिली पाहिजे. २०१६ सालची दिवाळी. ३० ऑक्टोबरची रात्र. भोपाळच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर शहर फटाक्यांच्या आवाजात बुडाले होते. कारागृहात एक हवालदार आपल्या पाळीवर होता. त्याच्या घरी मुलीच्या लग्नाची तयारी चालू होती. त्या रात्री काही बंदी पळून गेले. पळताना त्यांनी या हवालदाराचा गळा चिरून त्याला ठार केले आणि दुसऱ्या पहारेकऱ्याला बांधून टाकले. पुढील काही दिवस वर्तमानपत्रांत त्या बंद्यांविषयी, त्यांच्या पलायनाविषयी आणि त्यांच्या शेवटाविषयी पुष्कळ वाद झाला, आणि तो होणे आवश्यकही होते. पण त्या हवालदाराविषयी जे लिहून आले, ते थोडक्यात आटोपले. एवढ्या मोठ्या कारागृहाच्या पहाऱ्यावर त्या रात्री पुरेशी माणसे होती का, हा त्याच्या मृत्यूने विचारलेला प्रश्न वादाच्या धुरळ्यात मागे पडला.

संकट नेहमी शस्त्र घेऊनच येते असे नाही. मुंबईचे आर्थर रोड कारागृह ८०४ बंद्यांसाठी मंजूर असताना २०२० साली तेथे अडीच हजारांहून अधिक बंदी होते. करोनाची साथ आली, तेव्हा राज्य शासनाने एप्रिलमध्ये मुंबई, ठाणे, पुणे येथील काही प्रमुख कारागृहांचे दरवाजे बंद केले. कोणी आत यायचे नाही, कोणी बाहेर जायचे नाही. ही टाळेबंदी कर्मचाऱ्यांनाही लागू होती. पाळीवर असलेले कर्मचारी घरादाराला पारखे होऊन आतच मुक्कामाला राहिले. तरीही मे महिन्यात आर्थर रोडमध्ये साथ शिरली आणि बंद्यांबरोबर कर्मचारीही आजारी पडले. त्या दिवसांत डॉक्टरांसाठी आणि पोलिसांसाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या, दिवे लावले. भिंतीआड अडकून पडलेला हा तिसरा माणूस कोणाच्या फारसा ध्यानात आला नाही. क्षय, खरूज, कावीळ हे गर्दीचे रोग तर साथ नसतानाही त्याच्या सोबतीला असतातच. आणि ड्यूटी संपली की तो ते नकळत घरी नेतो.

याउलट काही बिनसले, तर सर्वांत आधी त्याचेच नाव पुढे येते. ३१ मार्च २०१५ च्या पहाटे नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच न्यायाधीन बंदी पळाले. अधिकारी आणि कर्मचारी निलंबित झाले. दोषी असेल त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवणाऱ्याला, क्षमतेहून अधिक माणसे कोंबणाऱ्या व्यवस्थेला कधी कोणी निलंबित करत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. ज्याच्या हाती काठी आणि किल्ली आहे, त्याच्या हक्कांची काळजी कशाला? दुर्बळ आहे तो बंदी. कारागृहात मोबाइल, अमली पदार्थ जातात ते कोणाच्या हातून? मे २०२३ मध्ये तिहारमध्ये एका न्यायाधीन बंद्याचा इतर बंद्यांनी भोसकून खून केला, तेव्हा सुरक्षा कर्मचारी समोर असूनही पुढे झाले नाहीत, हे चित्रफितीत सर्व देशाने पाहिले. अशांच्या हक्कांची भाषा करणे म्हणजे बंद्यांच्या हक्कांवर पाणी सोडणे नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर टाळून चालणार नाही. भ्रष्टाचार आणि छळ यांना क्षमा नाही. जो कर्मचारी बंद्याचा छळ करतो, तो गुन्हेगार आहे आणि त्याच्यावर खटला चालला पाहिजे. परंतु तिहारमधील ती चित्रफीत दुसऱ्यांदा पाहिली, तर एक कठोर सत्य दिसते. जो स्वतः भ्यालेला असतो, तो दुसऱ्याला वाचवू शकत नाही. धारदार हत्यारे हाती असलेल्या टोळीपुढे कसे उभे राहावे, याचे शिक्षण ज्याला मिळाले नाही, ढाल नाही, मदतीला माणूस येईल याचा भरवसा नाही, त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करावी जरूर. पण त्या अपेक्षेवर एखाद्या बंद्याचा जीव टांगून ठेवू नये. कर्मचाऱ्याची सुरक्षा आणि बंद्याची सुरक्षा या तराजूच्या दोन पारड्यांत घालायच्या वस्तू नाहीत. त्या एकाच दाराच्या दोन बिजागऱ्या आहेत. एक निखळली की दार दुसरीवरही टिकत नाही.

ही गोष्ट जाणत्यांनी पूर्वीच ओळखली होती. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय कारागृह सुधार समितीने १९८३ साली आपला अहवाल दिला. बंद्यांच्या स्थितीबरोबरच कर्मचाऱ्यांच्या निवडीचा, प्रशिक्षणाचा आणि सेवाशर्तींचा विचार तिने केला आणि कारागृहांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा असावी, अशी शिफारस केली. ती सेवा अस्तित्वात आली नाही. भारताचे माजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांनी जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. तुरुंगांतील चार व्यथा त्यांनी मांडल्या होत्या: गर्दी, बंद्यांचे अनैसर्गिक मृत्यू, कर्मचाऱ्यांची अपुरी संख्या आणि असलेल्या कर्मचाऱ्यांना न मिळालेले प्रशिक्षण. चारांपैकी दोन व्यथा कर्मचाऱ्यांविषयी होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. याच पत्रावरून देशातील १,३८२ कारागृहांविषयीचा प्रसिद्ध खटला उभा राहिला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने विस्तृत आदेश दिले. हे सर्वोच्च न्यायालय टिळक मार्गावर, कोपर्निकस मार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१५ रोजी बंद्यांना द्यावयाच्या वागणुकीचे सुधारित नियम स्वीकारले. सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या नेल्सन मंडेला यांचे नाव त्यांना दिले आहे. बंद्यांच्या सन्मानासाठी लिहिलेल्या या नियमांतच असेही सांगितले आहे की कारागृहाचे कर्मचारी काळजीपूर्वक निवडावेत, त्यांना कायम नोकरीची शाश्वती द्यावी, कामाच्या कठीण स्वरूपाला साजेसे वेतन आणि सेवाशर्ती द्याव्यात आणि कामावर घेण्यापूर्वी व नंतरही प्रशिक्षण द्यावे. बंद्यांच्या हक्कांच्या सनदेतच पहारेकऱ्याच्या वेतनाची चिंता वाहिली आहे. कारण ज्यांनी ती लिहिली, त्यांना या दोन गोष्टींचे नाते ठाऊक होते. संघटना बांधण्याच्या हक्काविषयीही हेच. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने सैन्य आणि पोलीस यांच्याबाबत देशांना वेगळा निर्णय घेण्याची मुभा दिली आहे. परंतु कारागृहाचे कर्मचारी या अपवादात मोडत नाहीत, त्यांना संघटित होता आले पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे मत आहे. भारताने मात्र या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. इंग्लंडमध्ये अशी संघटना १९३९ पासून आहे. तेथे १९९४ च्या कायद्याने संपावर बंधन घातले गेले, तरी गाऱ्हाणे मांडणारा आवाज टिकून आहे. आपल्याकडील शिपायाने गाऱ्हाणे मांडावे कोठे? वरिष्ठांपुढे बोलावे तर शिस्तभंग आणि बाहेर बोलावे तर गोपनीयतेचा भंग.

कारागृह हा विषय आपल्या राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत ठेवला आहे. मे २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने १८९४ च्या कायद्याच्या जागी घ्यावयाचा आदर्श कायदा तयार करून राज्यांना दिला. तुरुंगाला सुधारसेवा हे नाव मिळाले, हे स्वागतार्हच आहे. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचे ब्रीदही ‘सुधारणा व पुनर्वसन’ असेच आहे. परंतु नाव बदलले म्हणजे काम बदलत नाही. रिकामी पदे भरली जावीत. पाळी आठ तासांची असावी आणि आठवड्याची सुट्टी खरोखर मिळावी. राहण्यास बरे घर, नियमित आरोग्य तपासणी आणि मन थकले तर मोकळे होण्यासाठी समुपदेशक असावा. कर्तव्यावर मरण आले तर कुटुंबाला दारोदार फिरावे लागू नये. आणि तक्रार ऐकणारी, सूड न उगवणारी एखादी जागा असावी. या मागण्यांत काहीही अवाजवी नाही. आत्महत्या रोखण्याविषयी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२३ साली राज्यांना ज्या सूचना पाठवल्या, त्यांतही कल्याण अधिकारी, मानसशास्त्रज्ञ आणि वैद्यकीय कर्मचारी यांची रिकामी पदे भरण्यावर भर आहे. बंद्याचा जीव वाचवण्याचा उपाय शोधताना आयोगालाही शेवटी कर्मचाऱ्यापाशीच यावे लागले.

मुक्त विद्यालयाची अभ्यासकेंद्रे तिहारसह देशातील अनेक कारागृहांत चालतात. शाळा अर्धवट सुटलेली माणसे तेथे पुन्हा अक्षरांकडे वळतात आणि परीक्षा देतात. या केंद्राचे दार सकाळी कोण उघडते? बॅरकीतून वर्गापर्यंत विद्यार्थ्यांना कोण घेऊन येते? तोच शिपाई. ज्या दिवशी पहाऱ्याला माणूस कमी असतो, त्या दिवशी सर्वांत आधी वर्ग बंद राहतो. कारण मोजणी चुकवता येत नाही, स्वयंपाक थांबवता येत नाही, पण धडा उद्यावर ढकलता येतो. शिपायाची रिकामी जागा ही फळ्यासमोरची रिकामी जागा ठरते, ती अशी. आणि पुष्कळदा वर्गाच्या दाराशी उभा राहून तो शिपाईही धडा ऐकत असतो. त्याचेही शिक्षण कोठेतरी अर्धवट राहिलेले असते.

कोपर्निकस मार्गावर संध्याकाळी दिवे लागतात. कमानी प्रेक्षागृहापाशी गर्दी जमते. कार्यालयांतून माणसे घरोघर निघतात. इंडिया गेटच्या बाजूला, पतियाळा हाऊसच्या न्यायालयांतून बंद्यांना घेऊन निघालेली गाडी जाळीच्या खिडक्यांसह तिहारच्या वाटेला लागते. रस्त्यावरील एखादा माणूस त्या जाळीकडे क्षणभर पाहतो आणि आत कोण असेल, असा विचार करतो. गाडी तिहारला पोचेल, तेव्हा तेथे एक माणूस दार उघडून उभा असेल. एकेकाला आत घेत तो आकडा मोजील, वहीत लिहील आणि दार लावून घेईल. दार लागल्यावर तोही आतच असेल. गाडीतल्या माणसांचा विचार करताना त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाचाही विचार मनात यावा, एवढीच अपेक्षा आहे.